एक-दोन म्हणजे सारं ठीक

२ ऑक्टोबर २००६, दसरा

धबाक्.

पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आहे हा. काळू नदीच्या उतारावर माझी बैलगाडी मागे कलंडली आणि बाईजाची पत्र्याची पेटी पाण्यात पडली, तेव्हाचा. त्याच्या आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, माझाही होता. चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता मी चालीवर म्हणत होतो आणि नेमका तिसऱ्या कडव्यावर आलो होतो. ते दोन आवाज मुद्दाम आठवावे लागतात. धबाक् मात्र न बोलावता येतो. आज हनुमानने अंगणात गाडीचं दार आपटलं, तेव्हा आला.

हनुमान माझा मुलगा. आसनगावच्या एका कंपनीत आहे. गाडी पांढरी, आमच्या आधी दोघांनी वापरलेली, पैसे माझ्या फंडातले. कसाऱ्याला रेल्वेत पॉइंट्समन म्हणून सदतीस वर्षं झेंडे दाखवले, त्याची ही गाडी झाली असं म्हणायला हरकत नाही.

बाईजा माझी धाकटी बहीण. शेणव्याच्या शाळेत एकाच खोलीत चार वर्ग बसत. मी चौथीत पाठ करायचो त्या कविता तिला पहिलीच्या रांगेत बसून माझ्याआधी पाठ. सोळाव्या वर्षी लग्न करून मुरबाडकडे दिली. पहिल्या दिवाळीला मी तिला आणायला गेलो आणि परतताना ते घडलं. जू दांडीला बांधतात तो दोर ऐन पाण्यात तुटला. कसा तुटला कोण जाणे, नवा होता. सगळ्या गावाने ठरवलं की कवितेमुळे. पेटीत तिचं नवं लुगडं होतं, आणि मी तिला दिलेलं चौथीचं पुस्तक. लुगडं सापडलं.

कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती म्हणाली, "दादा, तुझ्या बैलगाडीत मी पुन्ना बसाची नाय. मोटार घेशील तवा न्यायाला ये. तवर तुझा उंबरा चढाची नाय." आणि तशीच ओली सासरी परत गेली.

तेव्हा आमच्या वाडीत कुणाकडे सायकलही नव्हती. राग नाही तिला. दर भाऊबीजेला मी एस.टी.ने जातो, ती ओवाळते, भरपूर जेवायला घालते. पण शब्द म्हणजे शब्द. आई गेली तेव्हा अंगणात बसून रडली आणि अंगणातूनच परत गेली.

यंदाची भाऊबीज शेवटची. दिवाळीनंतर हनुमान हे कुडाचं घर पाडून स्लॅबचं बांधणार आहे. मग तो उंबराच राहणार नाही, तर ती चढणार काय? भाऊबीज चोवीसला. बावीस दिवस आहेत.

पूजा जैतूने केली. जैतू माझा चुलतभाऊ, वाडीतला पूजेचा जाणकार. पंपाची, नांगराची, टीव्हीची, सगळ्यांची करतो. हनुमान टायरला हळद लावायला गेला तर जैतूने हात धरला. "बैलाच्या खुराला घास देतोस का रे? तोंडात देतोस ना? मग हिचा तोंड कुठं हाय, ते उघड."

तोंड म्हणजे बॉनेट, यावर एकमत झालं. आत बॅटरीच्या बाजूला देवळीसारखी सपाट जागा आहे. तिथे पळसाच्या पानावर मूठभर अक्षता, खोबऱ्याचे तुकडे, गूळ. नारळ बंपरवर फोडला. थोडा बंपरही फुटला.

५ ऑक्टोबर

बाईजाला कार्ड टाकलं. "भाऊबीजेला मोटार घेऊन येतो. तयार राहा."

संध्याकाळी हनुमान कामावरून आला तो तोंड पाडून. गाडीच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला आहे. दिव्यात चित्र आहे. सगळे वाकून पाहायला गेलो.

"शेली हाय ती," चिमी म्हणाली. "बिनमुंडक्याची." चिमी माझी बायको.

जैतू म्हणाला, "पाण्यात बसलेली म्हैस."

मला ती सरळ सरळ बैलगाडी वाटली, बैल सुटलेली.

"इंजिन आहे ते, बाबा," हनुमान म्हणाला. "इंजिनात काहीतरी बिघाड झालाय."

मी त्याला समजावलं की दिवा पिवळा आहे. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे जपून पुढे चला, पुढचा सिग्नल लाल असू शकतो. सदतीस वर्षं मी या तीन रंगांवर भाकरी खाल्ली. तो म्हणाला, "पण पुढचा सिग्नल कुठे आहे, बाबा?"

७ ऑक्टोबर

कल्याणला एका मोठ्या गॅरेजात गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, थंडगार पाणी दिलं. तेव्हाच मी ओळखलं. पांढऱ्या शर्टातल्या माणसाने बॉनेटच्या आत डोकावलं न डोकावलं आणि सांगितलं, कॉम्प्युटर बदलावा लागेल, चौदा हजार. हनुमानने पाण्याचा ग्लास परत ठेवला, अर्धा भरलेला.

येताना दिवा सारखा माझ्याकडे पाहत होता. दोन ओळी सुचल्या.

पिवळ्या डोळ्या, काय पाहसी, काय तुझे रे दुखते?
चौदा हजार मागे दुनिया, बोल तूच काय रुतते?

पुढच्या दोन अजून जमत नाहीत.

८ ऑक्टोबर

शहापूरच्या नाक्यावर रूपेशचं पत्र्याचं गॅरेज आहे. तिशीचा असेल. त्याचे वडील जयराम कसाऱ्याला रेल्वेत माझ्याबरोबर होते. चौदा हजार ऐकून तो हसला. "काका, आधी दिव्यालाच विचारू ना. फुकटात सांगतो तो."

बॉनेटखाली एक छोटी डबी असते. तिच्या दोन भोकांत त्याने वायरचा तुकडा वाकवून घातला आणि मला चावी फिरवायला सांगितली. पिवळा दिवा लुकलुकू लागला. एकदा. थांबला. मग चारदा. थांबला. पुन्हा एकदा, पुन्हा चारदा.

"एक-चार," रूपेश म्हणाला. "पाण्याच्या गरमीचा सेन्सर."

मला मात्र दुसरंच दिसलं. हे तर वृत्त आहे! यती आहे, चरण आहेत. मात्रा मोजत मोजत मी मांडीवर ठेका धरला. गुरुजी छडीने टेबलावर असाच धरायचे.

सेन्सर चांगलाच होता, त्याची वायर तुटली होती. रूपेशने ती सोलली, जोडली, टेप मारली. बॅटरी काढून परत लावली. पुन्हा डबीत तुकडा घातला. दिवा: एकदा. थांबून दोनदा.

"एक-दोन म्हणजे?"

"सारं ठीक, काका."

चाळीस रुपये घेतले. तेही मीच खिशात कोंबले तेव्हा.

रूपेश फार सभ्य मुलगा आहे. आत पळसाचं पान दिसलं तेव्हा त्याने हात पुसले आणि विचारलं, "हे असंच ठेवू का?" मी म्हणालो, "असू दे, देवाचं आहे." त्याच्या घरी बुद्धवंदना असते, तरी दुसऱ्याच्या पूजेला बोट लावणार नाही. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्याने गिळलं.

घरी आल्यावर जैतूने दुप्पट अक्षता वाहिल्या. पहिल्या संपल्याच होत्या. "खाल्ले बग तिने," तो म्हणाला. मला भरून आलं.

१२ ऑक्टोबर

दिवा लागला.

आज रूपेशला दोन-तीन मिळालं. हवेचा सेन्सर. वायर तुटलेली. जोडली. एक-दोन. तीस रुपये.

भात पिवळं झालं आहे, जैतूच्या खाचरात कापणी सुरू झाली. त्याने नव्या भाताची लोंबी इंजिनाला बांधली. गाडीला जुना तांदूळ चालत नसेल, असं त्याचं मत.

१४ ऑक्टोबर

काही विशेष नाही. चिमी आज खुशीत आहे. म्हणते, गाडी अंगणात आल्यापासून घरातले उंदीर गेले. कणगीपाशी एकसुद्धा नाही. "पायगुण हाय गाडीचा." मी म्हणालो, चाकगुण म्हण. ती हसली नाही.

वाडीतला एक बोका मात्र डोकेदुखी झाला आहे. रोज येऊन बॉनेटवर बसतो आणि नखांनी रंग खरवडतो. चिमी झाडू घेऊन त्याच्या मागे असते.

१५ ऑक्टोबर

दिवा लागला. तीन-एक.

रूपेश आता चिडला. "काका, ही वायर स्वतःला चावते काय? घरात उंदीर आहेत का तुमच्या?"

"होते," मी म्हणालो. "गाडी आली त्या दिवसापासून एकही नाही."

तो डोकं खाजवत राहिला. "मग उंदीर नसतील." पानाकडे पाहिलं. लोंबीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मी त्याला सांगितलं की कालच गूळ-खोबरं ताजं ठेवलंय, श्रद्धेने. त्याने तोंड मिटलं आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. तो त्याच्या हातातच होता.

एक-चार, दोन-तीन, तीन-एक. रात्री पडल्या पडल्या जुळवून पाहतो आहे. ओवी नाही. श्लोक नाही. आमच्या वेळच्या कुठल्याच कवितेत बसत नाही. दिव्याला काहीतरी सांगायचं आहे आणि पूर्ण करू देत नाहीत, असं वाटतं. मला ठाऊक आहे ते कसं असतं. तिसऱ्या कडव्यावर थांबवतात.

१८ ऑक्टोबर

बाईजाचं उत्तर आलं. कार्डावर अक्षर तिचंच, अजून शाळेतलं, गोल. "दारात येईल तेव्हा मोटार म्हणेन." एवढंच. खाली नाव लिहिलं नाही. गरज नाही.

दिवा पुन्हा लागला आहे. जैतू म्हणाला, मूठभर तांदळाने भागत नाही, जनावर मोठं आहे. त्याने इंजिनात भाताची मूद ठेवली, वर दही. सोबत थोडं सुकट, कारण गाडी कुठल्या जातीची ते कुणाला माहीत? हनुमान म्हणाला, "बाबा, गाडीत बसलं की मासळीबाजारात बसल्यासारखा वास येतो." मी त्याला गप्प केलं. वासाने बहीण घरी येणार असेल तर येऊ दे.

बोके आता दोन झाले आहेत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

साळीच्या लाह्या, बत्तासे. घरच्या लक्ष्मीला एक वाटी, गाडीला एक.

पिवळ्या दिव्याची कविता पुरी झाली. बारा ओळी. मला स्वतःला ती बरी वाटते. चांगल्या अक्षरात दोन कागदांवर उतरवली, घडी घातली आणि लाह्यांच्या वाटीखाली ठेवली. जैतू म्हणाला, "कागद कशाला? ती वाचती का?" मी म्हणालो, चित्र दाखवते, मात्रा मोजते, मग वाचतही असेल.

२२ ऑक्टोबर

विझला!

सकाळी हनुमानने चावी फिरवली आणि पिवळा दिवा नाही. ना चित्र, ना उजेड. गेल्या सतरा दिवसांत असं समाधान मिळालं नाही. चिमीने दृष्ट काढली. जैतूने सरळ श्रेय घेतलं. मी म्हणालो, थोडं कवितेलाही द्या.

हनुमान मात्र कपाळाला आठ्या घालून बसला. म्हणतो, चावी फिरवल्यावर तो दिवा क्षणभर तरी लागायलाच हवा, रूपेशने सांगितलंय. हल्लीच्या पोरांना चांगलं झालेलं सोसत नाही.

परवा भाऊबीज. आंघोळीच्या पाटाखेरीज नवा पाट काढून ठेवला आहे. उंबरा मी स्वतः शेणाने सारवला. त्याच्या मधोमध एक खळगा आहे, बाईजा लहानपणी तिथे बसून चिंचोके फोडायची.

२३ ऑक्टोबर

गाडी सुरूच होत नाही.

हनुमानने चावी फिरवली तर टक् असा आवाज आला, तोही नाइलाजाने आल्यासारखा. आम्ही ढकलली. वाडीतले आठ जण होते. अंगणापासून विहिरीपर्यंत गेली, विहिरीपासून अंगणापर्यंत आणली. जैतू पुढे हातात अक्षता घेऊन उलटा चालत होता.

शहापूरचं गॅरेज बंद. हनुमानने मोबाइलवर रूपेशला गाठलं. तो दिवाळीच्या सुटीत आईकडे, भीमाबाईकडे, मुरबाडला गेलाय. मी फोन घेतला. म्हणालो, "रूपेश, बाळा, तिथून तीन मैलांवर माझ्या बहिणीची वाडी आहे. तिला निरोप दे. म्हणावं गाडी आजारी आहे. भाऊ उद्या एस.टी.ने येईल, नेहमीसारखा."

"काका," तो म्हणाला, "तुमच्या बहिणीला सगळं सांगितलं तर चालेल? म्हणजे... सगळं?"

"सांग ना. तिच्यापासून काय लपवायचं?"

त्याला एकदम हलकं वाटल्यासारखा आवाज आला. का ते कळलं नाही.

२४ ऑक्टोबर, भाऊबीज

संध्याकाळ झाली आहे. घडलं तसं लिहितो.

सकाळी नवं धोतर नेसलो. एस.टी. साडेनऊची. निघताना अंगणात गाडीपाशी थांबलो. तिचा काय दोष? म्हातारी आहे, माझ्यासारखी. शेवटचा नमस्कार करावा म्हणून बॉनेट उघडायला चिमीला हाक मारली. कळ मला कधीच सापडत नाही.

चिमीने बॉनेट उचललं आणि पाठोपाठ ओरडली. काळं काहीतरी तिच्या हातावरून गेलं, दुसरं माझ्या धोतरावरून, तिसऱ्याला कुठे जावं ते सुचेना म्हणून ते बॅटरीवर बसून राहिलं. चांगली पोसलेली होती. दह्याभातावर.

बॅटरीच्या बाजूला, जैतूच्या देवळीत, घरटं होतं. साळीचा पेंढा, वायरींची रंगीत सालं आणि बारीक बारीक कुरतडलेला कागद. मी वाकून पाहिलं. माझं अक्षर होतं. "पिवळ्या डोळ्या" शाबूत होतं, "चौदा हजार" ही. आणि त्यावर सात पिल्लं, गुलाबी, डोळे न उघडलेली, एकमेकांना बिलगून झोपलेली. पन्नास वर्षं कविता करतो आहे. माझ्या कवितेवर कुणाला इतकं शांत झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

दिव्याचीसुद्धा वायर खाल्ली होती. विझला तो असा.

"घरातले उंदीर गेले म्हणतेस," मी म्हणालो.

"गेले ना," चिमी म्हणाली. "हितं गेले. आपन रोज ताट वाढतोय, ते कशाला घरात राहतील?"

जैतू आला, त्याने पाहिलं आणि बराच वेळ विचार करून म्हणाला, "मंजे खात होती ती गाडी नव्हती."

या सगळ्यात साडेनऊची एस.टी. गेली. पुढची दोनला. मी ओट्यावर बसलो. चिमी हात धुऊन शेजारी येऊन बसली. ती सहसा असं काही विचारत नाही, पण म्हणाली, "ओ, त्या वक्ताला बैलगाडीत काय होतं?"

"पेटी. लुगडं. पुस्तक."

"आन् जुवाला काय बांधलं होतं?"

मी आठवून सांगितलं. आईने निघताना ओटीचे तांदूळ आणि खोबरं फडक्यात बांधून दिलं होतं, वाटेत विघ्न नको म्हणून. ते मी जुवाच्या दोरालाच बांधलं होतं. बाईजाच्या सासरी गोठ्यात गाडी दोन रात्री उभी होती, तेव्हाही ते तिथेच होतं. देवाचं कशाला सोडायचं?

चिमी माझ्याकडे बघत राहिली. मग इंजिनाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. तिला काय सुचत होतं कोण जाणे. मी म्हणालो, "कविता म्हणायला नको होती गो तेव्हा." ती उठून आत गेली आणि भांडी जरा जोरातच घासू लागली.

दुपारी जेवण गेलं नाही. बोके अंगणात रांग लावून बसले होते, म्हणून दार ओढून घेतलं. नवा पाट भिंतीशी होता, त्याकडे पाठ करून बसलो. एस.टी.ला अजून तासभर होता. बाईजाला तोंड काय दाखवायचं याची वाक्यं जुळवत होतो. गद्यात कधी जमत नाही मला.

बाहेर मोटारसायकल येऊन थांबली. हनुमानचा कोणी मित्र असेल म्हणून उठलो नाही.

मग दारावर काठी वाजली. एकदा. थांबली. दोनदा.

मी उठलो कसा, कडी कशी काढली, आठवत नाही. अंगणात रूपेश मोटारसायकल धरून उभा होता आणि दुसरीकडेच बघत होता, पूजेकडे बघायचा तसा. आणि दारात, उंबऱ्याच्या बाहेर, बाईजा. एकसष्ट वर्षांची, वाऱ्याने केस पिंजारलेले, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली झाकणाची टोपली. टोपलीतून कोणीतरी भयंकर रागाने ओरडत होतं.

"मी तुझ्या घरी नाय आले," ती म्हणाली. "शब्द हाय माझा. ही मांजर पोचवाया आले. आमच्या गोठ्यात तिने एक उंदीर ठेवला नाय. या पोराने सगळं सांगितलं मला, तांदूळ आन् दही आन् सुकट." तिने श्वास घेतला. "दादा, त्या दिवाळीचा जुवाचा तो दोर..."

माझ्याकडे बघत राहिली, सकाळी चिमी बघत होती तसंच.

टोपली पुन्हा ओरडली.

"मांजर उंबऱ्याबाहेर सोडता नाय येत," बाईजा म्हणाली. "पळून जाईल. आत न्यावी लागेल."

आणि डावा पाय उचलून तिने तो त्या खळग्यात ठेवला.